दोन नावांचं खाचर

आमच्या घाटघरात भाताचं एक खाचर आहे, त्याला दोन नावं आहेत. आमच्या घरात त्याला 'आईचं खाचर' म्हणतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर ते आहे त्या वरच्या घरात त्याला नुसतं 'वरलं खाचर' म्हणतात. जीवधनच्या पोटातून उतरणारं पाणी पहिल्यांदा त्याच खाचरात येतं, म्हणून आवणी तिथूनच सुरू होते. लहानपणी मला वाटायचं, आई म्हणजे कुणी देवी असेल. आमच्याकडं देवींना तोटा नाही.

ती देवी नव्हती. माझ्या आजीची आई होती, म्हणजे माझी पणजी. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण दोन्ही घरं नांदती आहेत आणि जुन्या गोष्टीला नाव लागलं की ती पुन्हा नवी होते. पण एवढं सांगतो, की आजीनं उभ्या आयुष्यात तिचं नाव माझ्यासमोर दोनदाच घेतलं असेल. बाकी वेळी नुसतं 'ती'. "ती गेली आंबेगावाकडं पाट लावून. जिमीन बी टाकली न् पोर बी टाकली." पोर म्हणजे आजी स्वतः. बाप मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा ती अजून अंगावर पीत होती. हे मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्ल्यूएन्झा. जुन्नरला लेणी असलेला मानमोडीचा डोंगर आहे, त्याचा या दुखण्याशी काही संबंध नाही, पण शाळेत असताना मी तो लावून टाकला होता आणि त्या डोंगराला घाबरायचो.

आजीला चुलत्यानं वाढवलं आणि गावातच दुसऱ्या कुळात दिलं. त्यामुळं तिचं माहेर वरचं घर, सासर आमचं घर, आणि मधे ते खाचर. रोज येता-जाता ते तिला दिसायचं. तिचं चुलत्यावर काही म्हणणं नव्हतं. राग होता तो आईवर.

मी दहावीनंतर मुंबईला गेलो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली माणसं मुंबईला जातात तसाच. हिरड्याचे पैसे किती दिवस पुरणार? फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या हपिसात शिपाई म्हणून लागलो आणि पुढं कागद लावायचं काम माझ्याकडं आलं. त्यात हायकोर्टात मृत्युपत्रांच्या खात्यात जाणं यायचं. प्रोबेट हा शब्द मी तिथं शिकलो. माणूस मेला, मृत्युपत्र करून गेला, तर ते खरंच त्याचं आहे हे कोर्टापुढं शाबीत करायचं, मग कोर्ट शिक्का मारून देतं. मुंबई शहरात हिंदूंच्या मृत्युपत्रालाही हे लागायचं. 1870 च्या कायद्यापासून ती रीत होती आणि 1925 च्या वारसा कायद्यात ती तशीच राहिली. घाटघरच्या जमिनीचं मृत्युपत्र घाटघरात केलं तर त्याला प्रोबेटची सक्ती नव्हती. अर्थात घाटघरात मृत्युपत्र करतंय कोण? ज्याचा तीन पायलीचा पेरा, तो लिहून काय ठेवणार.

पण ते जुने कागद चाळताना मला नाद लागला. नाद लागण्यासारखेच होते ते. प्रोबेट मागायचं तर मेलेल्याचे जवळचे वारस कोण, कुठं राहतात, हे सगळं अर्जात लिहावं लागतं. त्यात मुली येतात, दिलेल्या मुलीसुद्धा, नवऱ्याच्या नावासकट आणि पत्त्यासकट. सोबत मालमत्तेची यादी. सोन्याच्या बांगड्या इतक्या, चांदीचा तांब्या, गिरणीचे शेअर, अमक्या गल्लीतल्या चाळीचं भाडं. पारशी बायांची मृत्युपत्रं तर वाचत बसावी अशी. बहिणीला हे, भाचीला ते, म्हाताऱ्या आयाला महिना इतके रुपये तहहयात. एक कागद हातात धरला की त्या बाईचं सासर, माहेर, आजोळ सगळं समोर उभं राहायचं. पारश्यांनी 1865 साली आपला वेगळा वारसा कायदाच करून घेतला होता. बाप मृत्युपत्र न करता मेला तर मुलीला मुलाच्या चौथ्या हिश्शाइतकं मिळायचं. चौथा हिस्सा म्हणजे काही फार नाही, पण हिस्सा म्हटला की कागदावर नाव आलं. मला गंमत वाटायची, की आमच्या जीवधनशेजारच्या सुळक्याला लोक 'खडा पारशी' म्हणतात, भायखळ्याच्या पुतळ्यावरून, आणि इथं मी पारश्यांचे कागद उचलतोय. आमच्या गावात त्या सुळक्याशिवाय दुसरा पारशी कुणी पाहिलेला नाही.

त्या कागदांतूनच माझ्या डोक्यात आलं, की बाईचा माग काढायचा तर मालमत्ता जिथं एका हातातून दुसऱ्या हातात जाते तिथं बघावं. जन्म, लग्न, बाळंतपण यांची कुणी नोंद ठेवो न ठेवो, जमीन हलली की सरकार लिहून ठेवतं. पणजीचं मृत्युपत्र नाही, पण खाचर तर आहे.

हपिसातल्या एका वकीलसाहेबांना मी एकदा धीर करून विचारलं, की साहेब, बाईनं पाट लावला तर तिची जमीन जाते का? ते म्हणाले, "जाते म्हणजे काय, कायद्यानं ती त्या दिवशी मरते." आणि त्यांनी मला 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा काढून दाखवला. हा तोच कायदा, जो शाळेच्या पुस्तकात सुधारणा म्हणून असतो. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी धडपड करून तो आणवला, ते खरंच. पण त्याचं दुसरं कलम शाळेत कुणी शिकवत नाही. त्या कलमाप्रमाणं विधवेनं पुन्हा लग्न केलं, की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा पोटगीचा, वारशाचा हक्क संपतो, जणू ती त्याच दिवशी वारली, आणि मग त्या नवऱ्याचा जो पुढचा वारस असेल त्याला ती मालमत्ता जाते. तिसरं कलम मुलांचं. आईनं दुसरं लग्न केलं, तर पहिल्या नवऱ्याचे नातेवाईक कोर्टात जाऊन मुलांचा पालक नेमून मागू शकत होते.

आता यात एक अडचण होती. ज्या जातींत विधवेचं लग्नच होत नव्हतं त्यांच्यासाठी हा कायदा निघाला. आमच्या महादेव कोळ्यांत, कुणब्यांत, कितीतरी जातींत पाट पहिल्यापासूनच होता. त्यांना परवानगी लागतच नव्हती. मग त्यांच्या बायांना दुसरं कलम लागतं का? अलाहाबादच्या हायकोर्टानं धरलं, की लागत नाही, ज्यांच्यात रूढीनंच पुनर्विवाह आहे त्यांना हा कायदा हवाच कशाला. मुंबई हायकोर्टानं उलट धरलं. 1896 साली विठू विरुद्ध गोविंदा या दाव्यात पूर्ण पीठानं निकाल दिला, की पाटाची रूढी असलेल्या जातीतली बाईसुद्धा पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या जमिनीला मुकते. म्हणजे यमुनेकाठच्या बाईची जमीन राहिली आणि कुकडीकाठच्या बाईची गेली. मला हे वाचून इतका राग आला, की त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. राग कुणावर, तेही कळेना. आजी आयुष्यभर म्हणत आली होती, 'जिमीन टाकून गेली.' इथं तर टाकायचा प्रश्नच नव्हता.

वकीलसाहेबांनी मग रखमाबाईंचं सांगितलं. डॉक्टर रखमाबाई, नाव ऐकलं होतं, पण त्यांच्या आईची गोष्ट ठाऊक नव्हती. रखमाबाईंचा जन्म 1864 चा, मुंबईचा, सुतार घराण्यातला. त्यांच्यातही विधवेच्या लग्नाला जातीची आडकाठी नव्हती. वडील जनार्दन पांडुरंग वारले तेव्हा रखमाबाई अडीच वर्षांच्या आणि आई जयंतीबाई अवघी सतरा वर्षांची. नवऱ्याची मालमत्ता जयंतीबाईंकडं आली. सहाएक वर्षांनी त्यांनी डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. पण त्याआधी एक काम केलं. पहिल्या नवऱ्याची सगळी मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. मग लग्न केलं.

हे काम किती मोठं होतं ते पुढं दिसलं. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावलं होतं. त्या नांदायला गेल्या नाहीत, म्हणून 1884 साली दादाजींनी दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींच्या विरुद्ध निकाल दिला, अपील झालं, आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि दुसऱ्या वर्षी त्या विलायतेला डॉक्टर व्हायला गेल्या. या सगळ्या गदारोळात दोन्ही बाजू त्या मालमत्तेबद्दल भांडत होत्या. पंचवीस हजारांची म्हणत होते ती. दादाजींचं म्हणणं, सासू आणि आजेसासरा हरिश्चंद्र यादवजी यांना ती सोडवत नाही म्हणून मुलगी धाडत नाहीत. इकडून म्हणणं, ह्यांचा डोळाच मालमत्तेवर. खरं काय ते असो. पण त्या भांडणामुळं आज रखमाबाईंचा बाप, आई, आजा, सावत्र बाप, नवऱ्याचा मामा, सगळे आपल्याला नावानिशी माहीत आहेत.

जयंतीबाई वेळेवर शहाण्या झाल्या, किंवा त्यांना शहाणं करणारं माणूस जवळ होतं. कायदा दोघींना एकच. माझ्या पणजीला घाटघरात कोण सांगणार होतं, की बाई गं, पाट लावायच्या आधी कागद कर?

नव्वदच्या सुमारास मी गावाकडं परत आलो आणि शोधाला लागलो. जुन्या नोंदी बघायच्या म्हणजे सहनशक्ती पाहिजे. अर्ज, तिकीट, 'साहेब दौऱ्यावर', 'उद्या या'. घाटघरची यष्टी पहाटे निघायची, तालुक्याला पोचेपर्यंत अर्धा दिवस, आणि परतीची चुकली तर मुक्काम. आमचे भाऊसाहेब, म्हणजे तलाठी, भले माणूस होते. त्यांनी सांगितलं, "फेरफाराची जुनी बुकं काढा. हक्कनोंदी 1903 च्या कायद्यानं सुरू झाल्या. तुमच्या गावच्या पहिल्या वह्या धरून पुढं या." कुठल्या कपाटात काय असतं तेही त्यांनीच शिकवलं. जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे गाव नमुना 14, त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. फेरफार म्हणजे नमुना 6. आणि जिथं दोन बाजूंत तक्रार असेल त्याचं वेगळं बुक, नमुना 6-अ.

सगळं मोडीत. मला मोडी कुठली येते? जुन्नरच्या एका निवृत्त गुरुजींना मी धरलं. त्यांना मोतीबिंदू झालेला, भिंग लावून एकेक ओळ वाचायचे, आणि चहा दोन कप लागायचा. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुला बाई शोधायची ना? मग आधी दोन शब्द शिक. बिन आणि कोम." बिन म्हणजे मुलगा, अमका बिन तमका. कोम म्हणजे बायको, अमकी कोम तमका. पुरुषाच्या नावापुढं बाप येतो आणि तो मरेपर्यंत तसाच राहतो. बाईच्या नावापुढं नवरा येतो आणि बाप पुसला जातो. दुसरा पाट लावला की कोमच्या पुढचं नाव बदलतं, गाव बदलतं, बुक बदलतं. मग तीच बाई दुसऱ्या बुकात दुसरीच होऊन बसते. माहेर कुठंच नाही. "म्हणून बायांचा माग निघत नाही रे," गुरुजी म्हणाले, "आणि सरकारला तो हवाही नसतो."

कोतवाल बुकात पणजोबा सापडला. 1918 चा पावसाळा सरताना त्या बुकाची पानं नुसती भरलेली आहेत. एरवी वर्षाला चार-सहा मयत असलेल्या गावात ओळीखाली ओळ, कारण सगळीकडं एकच, ताप. गुरुजींनी वाचता वाचता भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्याही घरातले त्या साथीत गेले होते.

फेरफारात पुढं दोन नोंदी मिळाल्या. पहिलीत, पणजोबा मयत झाला, त्याची बायको वारस, सबब तिचं नाव लावलं. कोम म्हणून का होईना, पणजीचं नाव. मी ते मोडी अक्षर वहीत उतरवून घेतलं. दुसरी नोंद काही वर्षांनंतरची. बाईनं पाट लावला, सबब तिचं नाव कमी करून दिराचं नाव दाखल. तीन ओळी. आजीच्या सत्तर वर्षांच्या रागाचा एवढाच कागद.

मी तर तिथंच थांबलो असतो. गुरुजी मात्र जुन्या खोडाचे होते. नोंदीच्या कडेला एक बारीक आकडा होता, तो त्यांनी बघितला. "ही तक्रारी नोंद आहे. 6-अ काढ." ते बुक मिळायला मला आणखी चार हेलपाटे पडले. मिळालं तेव्हा कडेला वाळवी लागलेली, पण मधलं शाबूत होतं.

त्यात होतं ते असं. पाट लावल्यावर पणजी परत आली होती. एकटी नाही, भावाला घेऊन. तिनं हरकत घेतली होती. जमीन मला द्या असं तिचं म्हणणंच नव्हतं. तिचं म्हणणं होतं, की माझा नवरा भावापासून वेगळा होता, चूल वेगळी, खाचर वेगळं, म्हणून मी गेले तर जमीन माझ्या मुलीच्या नावे लावा. दिराचं म्हणणं, आम्ही एकत्रच होतो.

मुंबईच्या हपिसात कागद वाहून वाहून मला एवढं कळत होतं, की सगळी मेख इथं आहे. त्या वेळच्या हिंदू कायद्यात भाऊ एकत्र असले आणि एक मेला, तर त्याचा भाग हयात भावाकडं जायचा. विधवेला फक्त पोटगी आणि मुलीला लग्नाचा खर्च. पण भाऊ वेगळे झालेले असले, तर मुलगा नसताना जमीन विधवेकडं तहहयात यायची, आणि तिच्यामागं मुलीकडं. पाट लावला म्हणून कायद्यानं बाई मेली असं धरलं, तरी त्या धरलेल्या मरणानंतरचा वारस मुलगीच. दीर नव्हे. पणजी तेच सांगत होती. अक्षरशत्रू बाई. 1896 चा निकाल तिनं ऐकलेला असणं शक्य नाही. पण एक वाक्य तिनं नेमकं धरलं होतं, चूल वेगळी. आणि मला अजून वाटतं, तिचं खरं होतं. भाऊ एकत्र असते तर नवरा मेल्यावर पहिल्या नोंदीत तिचं नाव लागलंच कशाला असतं? सरळ दिराचं नाव राहिलं असतं. पहिली नोंद तिच्या बाजूची साक्ष होती, त्याच बुकात, काही पानं अलीकडं. ती कुणी उलटून बघितली नाही. पंचांनी एकत्र म्हणून सांगितलं, अंमलदारानं तसं लिहिलं, हरकत नामंजूर.

पंचांना तरी काय दोष द्यायचा. त्यांना गावात राहायचं होतं. पोर दिराच्या घरात होती, जमीनही तिथंच राहिली तर तिचं पोट भरेल, असाही कुणी विचार केला असेल. आणि तिचं पोट भरलंच की. दिरानं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली, हे आजीच सांगायची. माणूस एका बाबतीत गैर वागला म्हणून सगळ्याच बाबतीत वागतो असं थोडंच आहे.

पानाच्या खाली दिराची निशाणी नांगर. कुणब्या-कोळ्यांची तीच असायची. आणि शेजारी पणजीची निशाणी. बाईमाणसाची निशाणी बांगडी. म्हणजे एक गोल, शाईनं काढलेला, नीट न जुळलेला. सुरुवात आणि शेवट यांच्यात ज्वारीच्या दाण्याएवढी फट राहिली आहे. नक्कल मागितली तर नकलेत नुसतं 'निशाणी' लिहून येतं, गोल येत नाही. म्हणून मी तो वहीत बेतानं काढून घेतला, फटीसकट.

त्या रात्री यष्टी चुकली, आणि दुसऱ्या दिवशी गावात पोचल्यावर घरी जायच्या आधी मी नाणेघाटाच्या गुहेत जाऊन बसलो. आमच्या गावचं पोरगं काही सुचेना झालं की तिथंच जातं. भिंतींवर तो दोन हजार वर्षांचा लेख आहे, नागनिका राणीचा. भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात त्याचा अभ्यास केला, आणि त्यातले आकडे देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी आहेत, हे बाहेरून येणाऱ्यांना आम्ही तोंडपाठ सांगायचो. यज्ञ किती, गाई किती, हत्ती किती, गावं किती दिली याची ती यादी. विधवा राणीनं मांडलेला हिशेबच तो. मागच्या भिंतीला पुतळे होते, आता नुसत्या खुणा आणि वर नावं उरलीत. सिमुक, स्वतः राणी आणि तिचा नवरा सातकर्णी, राजपुत्र. आणि त्यांच्या रांगेत महारठी त्रनकयिरो. हा बहुतेक अभ्यासकांच्या मतानं तिचा बाप. शेकडो वेळा ती नावं मी दुसऱ्यांना सांगितली होती, पण सासरच्या देवळीत बाईनं आपल्या बापाला उभं केलंय, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. राणी होती म्हणून जमलं. पणजीला गोल काढता आला.

हरकतीच्या कागदात भावाचं नाव होतं आणि गाव होतं. आजीला फक्त 'आंबेगावाकडची' एवढंच ठाऊक. आता गाव कळलं, पण गाव राहिलं नव्हतं. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं आणि त्याच्या पाण्यात कितीतरी गावं गेली. ज्याच्या नावानं तालुका आहे ते आंबेगावच गेलं. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे, ते तालुक्याच्याच म्हाळुंगे पडवळचे. 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीखाली गेले ते. नाव चांगलं दिलं, पण ज्यांची घरं बुडाली त्यांच्या तोंडी ते 'धरण'च असतं.

कुकडीचं खोरं ओलांडून, मीनेचं खोरं ओलांडून मी घोडेच्या खोऱ्यात उतरलो. विचारत विचारत पणजीच्या भावाच्या नातवापर्यंत पोचलो. पाण्याच्या वर सरकून बांधलेलं पत्र्याचं घर. मी कोण ते सांगितलं तर म्हातारा आधी काही बोलेना. मग घरात जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद घेऊन आला. धरणग्रस्ताच्या दाखल्यासाठी केलेली वंशावळ होती, स्टॅम्पवर. मुंबईच्या प्रोबेटच्या अर्जात वारसांची यादी असते तशीच, फक्त इथं वाटायला जमीन नव्हती, बुडालेल्या जमिनीचा मोबदला होता. वरून तिसऱ्या ओळीत भावांच्या रांगेत शेवटी एक रेघ होती. मुलगी, मयत, आणि घाटघर. दुसऱ्या पाटाच्या गावाचं नाव नाही. तिच्या माहेरानं तिला घाटघरची म्हणूनच लिहिलं होतं.

"आमचा आजा सांगायचा," म्हातारा म्हणाला, "दर सालाला आखितीला ती घाटघरच्या वाटंनं निम्म्यापर्यंत जायची. पुढं जायला तोंड नाय म्हणायची. कुणाच्या तरी हाती पोरीला खाऊ धाडायची. पोचायचा का वो?"

ते मला सांगता आलं नाही.

आजीला सगळं सांगायला मला दोन दिवस लागले. ती ओटीवर वरई पाखडत होती. मी वही उघडून तो गोल तिच्यापुढं धरला. ही तुझ्या आईची निशाणी. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि गोलावर बोट ठेवलं. मग विचारलं, "ह्यो कवा काढला तिनं? मंग हितं आली व्हती ती?" हो म्हटलं. "अन् मला न्हाय भेटली?" हेही मला सांगता आलं नाही. बराच वेळ ती बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "गुळ यायचा. आखितीला. चुलती म्हणायची, बाजारातून आणलाय." आणि पुन्हा सूप उचललं.

खाचराचं काय करायचं ते मी विचारलं नाही आणि तिनंही काढलं नाही. सत्तर वर्षांनंतर कुठलं कोर्ट उभं करणार? 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलींना हक्क दिला, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात तो अनुसूचित जमातींना लागू नाही असं आहे, आणि आम्ही त्यात येतो. वरच्या घरातल्या थोरल्याला मात्र मी कागदाची नक्कल नेऊन दिली. त्यानं ती घडी घालून पाकिटात ठेवली. चहा दिला. बोलला काही नाही.

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आजी गेली. माहेरचं लुगडं म्हणून वरच्या घरातून लुगडं आलं. दुपारी यष्टीनं घोडेच्या खोऱ्यातून चार माणसं आली, त्यांच्या हातात दुसरं लुगडं. मामाच्या घरचं. आमच्याकडं माहेरचं लुगडं सगळ्यात वर असतं. आता वर कोणतं, म्हणून बाया थांबल्या. एकदोघी आपसात कुजबुजायला लागल्या. तेव्हा वरच्या घरातला थोरला पुढं झाला. त्यानं आपलं लुगडं उलगडलं, आधी ते घातलं, आणि आंबेगावकरांना म्हणाला, "तुमचं वर येऊ द्या."